मायाधराची शक्ती आणि तात्यांची मिशी

परीक्षा संपल्या की आमच्या नगरच्या घरात उन्हाच्या जोडीनं नातीच्या मैत्रिणीही शिरतात. कूलरसमोर पाय पसरून बसतात, फ्रीजमधलं पन्हं संपवतात आणि भांडतात. भांडणं मुलांवरून, कपड्यांवरून झाली असती तर मी लक्षही दिलं नसतं. ह्या भांडतात जादूवरून. कुठल्यातरी परदेशी कादंबऱ्या आहेत, एकेक भाग उशाला घेण्याजोगा जाड. त्यातल्या जादूगाराची शक्ती नेमकी कुठून येते, ती वापरली की संपते का, संपली तर पुन्हा कशी भरते, यावर काल दुपारी इतका गदारोळ झाला की माझी कैरी किसायची राहिली.

"त्याला लिमिटच नाही, म्हणून ती जादूच बोगस आहे," असं आमची नात ईरा म्हणत होती. दुसरी म्हणाली, "असं कसं? किंमत मोजावी लागते ना त्याला!"

मी किसणी खाली ठेवली आणि विचारलं, "तुमचा जादूगार हवेतून जेवणं काढतो का?"

"काढतो की. अख्ख्या सैन्याला घालतो."

"मग धान्य कुणाच्या घरचं असतं?"

एकीनं लगेच मोबाईलवर काहीतरी टाईप केलं आणि म्हणाली, "आजी, भारी पॉइंट आहे." मी म्हटलं, पॉइंट माझा नाही. यमाकाकीचा आहे. ती शाळेत गेली नव्हती आणि हा प्रश्न तिनं पाझर तलावाच्या कामावर डोक्यावर पाटी असताना काढला होता.

लोक बहात्तरचा दुष्काळ म्हणतात. मला मात्र आठवतो तो त्याच्यानंतर आलेला उन्हाळा. दुष्काळ जसा मुरतो तसा खरा कळायला लागतो. सोनईच्या बाजारापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर आमचं गाव. बहात्तरच्या दिवाळीच्या सुट्टीत मी संगमनेरहून घरी आले ती त्या वर्षी परत कॉलेजला गेलेच नाही. मावशीकडं राहून शिकत होते. पण मावशीकडं धाडायला घरात दाणे नव्हते आणि दाण्यांशिवाय पाहुणी किती दिवस ठेवायची, यालाही मर्यादा असते. मग मीही आई-भाऊंबरोबर कामावर जायला लागले. वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचा बांध घालायचं काम निघालं होतं. पुरुषांनी खणायचं, बायांनी पाट्या वाहायच्या. खालचा खड्डा वाढायचा, वरचा बांध वाढायचा. आकाश तेवढं जिथल्या तिथं.

त्या उन्हाचा वास मला अजून येतो. तापलेल्या मुरमाचा, घामानं भिजून वाळलेल्या चुंबळीचा, लिंबाखाली सोडलेल्या भाकरीचा. भाकरी लाल मिलोची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या तांबड्या ज्वारीची. तिचा वास काय सांगावा? ती खाऊन आमचे बैल नाराज झाले असते. पण बैल छावणीत होते, म्हणून आमची नाराजी कुणी विचारली नाही. पोरांना सुकडी, म्हणजे सरकारी गोड पिठाचा खाऊ, मिळायची. मोठी माणसं ती पोरांच्या हातून चवीपुरती घ्यायची आणि चव बघता बघता वाटी रिकामी व्हायची.

आणि याच सुमारास भाऊंनी माझं लग्न ठरवायला घेतलं. स्थळाची ख्याती एकच होती: एवढ्या दुष्काळात त्यांच्या विहिरीला पाणी होतं. मुलाचं नाव मला कुणी सांगितलं नाही, विहिरीची खोली मात्र पाठ झाली होती. "पानी हाय तितं पोरगी सुकी ऱ्हायची न्हाई," असं भाऊ आईला म्हणाले. त्यांचं चुकत होतं असं नाही. पण मला कॉलेजला जायचं होतं. दुसरं वर्ष अर्धं टाकून आले होते, ते तसंच अर्धं राहणार हा विचार पाटी उचलतानाही सुटत नसे. लग्न जेठात करायचं घाटत होतं. कॉलेज त्याच सुमारास उघडणार होतं. दोन्हीपैकी एकच होणार होतं, आणि निकाल भाऊंच्या हातात, म्हणजे खरं तर तात्यांच्या हातात होता.

तात्या म्हणजे भाऊंचे चुलते, आमच्या टोळीचे कारभारी. उंचेपुरे, तापट, आणि मिशी अशी की ऊन उतरलं तरी ती ताठ. भाऊ तात्यांना विचारल्याशिवाय शेळीही विकत नसत. यमाकाकी ही तात्यांची धाकटी भावजय. विधवा, काटक, जिभेला धार. तात्या जे म्हणतील त्याच्या विरुद्ध बोलणं हे तिचं सकाळचं दात घासणं होतं.

पुस्तक मला सोनईच्या बाजारात सापडलं. भेळवाला त्याची पानं फाडून पुड्या बांधत होता. मी ते हातात घेऊन दोन ओळी वाचल्या आणि माझ्या वाटणीच्या भेळीच्या बदल्यात ते मागून घेतलं. 'कंकणगडचा मायाधर' असं पानापानाच्या डोक्यावर छापलेलं. भेळवाला पानं मागून फाडत आला होता. म्हणजे गोष्टीचा शेवट सोनईच्या बाजारकऱ्यांनी तिखट-गोड चटणीसकट चाटून केव्हाच फेकून दिला होता.

दुपारच्या सुट्टीत लिंबाखाली मी ते वाचू लागले, आधी मनातल्या मनात. यमाकाकी म्हणाली, "गुपचूप खातीयास व्हय? मोठ्यानं वाच की." दोनच दिवसांत आमची सगळी टोळी भोवती बसायला लागली. मायाधर नावाचा जादूगार, त्याच्या मनगटात चांदीचं कंकण. कंकणवाला हात आपटून मंत्र म्हटला की डोंगर सरकतो, सैन्य दगड होतं, माळावर महाल उभा राहतो. त्यानं पळवलेली राजकन्या तारामंजिरी, तिला सोडवायला निघालेला राजपुत्र रणकेसरी. मायाधर वाईट होता. पण टोळीचं सगळं लक्ष त्याच्यावर. रणकेसरीला काडीचीही किंमत नव्हती. "त्येला काय काम हाय? घोड्यावर बसून फिरतंय," असं एकदा कुणीतरी म्हटलं आणि विषय मिटला.

सुट्टी संपली तरी पान संपत नसे. तेव्हा आमच्या टोळीत एक रीत होती: कुणी बाई पोटुशी असली किंवा कुणाला ताप असला की तिच्या पाट्या बाकीच्या बाया वाटून घ्यायच्या. तिनं सावलीला बसायचं, कुणी कुरकुर करायची नाही. एके दिवशी यमाकाकीनं माझ्या डोक्यावरची चुंबळ काढून घेतली. "ही बी पोटुशीच समजा," ती बायांना म्हणाली. "हिच्या पोटात गोष्ट हाय." त्या दिवसापासून सुट्टीनंतरही थोडा वेळ मी खड्ड्याच्या कडेला बसून ओरडून वाचायची आणि माझ्या वाटच्या पाट्या त्या बाया वाहायच्या.

पहिलं भांडण पेटलं ते मेजवानीवरून. मायाधर टाळी वाजवतो आणि सैन्यापुढं पक्वान्नांची ताटं येतात, असं मी वाचलं. मिलोची भाकरी खाल्लेल्या माणसांपुढं हे वाचणं म्हणजे पापच होतं. चढावर मध्येच थांबून यमाकाकी म्हणाली, "पर धान्य कुनाचं?"

तात्या खड्ड्यातून ओरडले, "जादूचं!"

"जादूचं धान्य कुठल्या शेतात पिकतं, भावजी? ह्यो बांध बगा. हितं ढीग झालाय, कारन तितं खड्डा हाय. ताटं हितं आली म्हंजे कुनाच्या तरी कनगीत तेवढा खड्डा पडला. आपल्याच पडला असंल."

बायांनी माना डोलावल्या. तात्यांना हे मान्य होणं शक्यच नव्हतं. त्यांचं म्हणणं, सगळी शक्ती कंकणात आहे, ती कुठून येत नाही, कुठं जात नाही, संपतही नाही. "मग मेला पाऊस का पाडत न्हाई?" यमाकाकीनं विचारलं. तात्या रात्रभर विचार करून दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन आले: कंकण डोंगरातल्या चांदीचं, म्हणून त्याचा अंमल दगड-मातीवर. पाण्याचं खातं वेगळं. "बांधकामवाला पाटाचं पानी सोडतो का? तसंच हाय ते." सरकारी कामावर घाम गाळणाऱ्या माणसांना हे एकदम पटलं, आणि निम्मी टोळी तात्यांकडं गेली.

मी पुढं वाचलं की ते कंकण राजवंशाच्या माणसालाच चालतं, दुसऱ्याच्या हातात ती नुसती चांदी. तेव्हा काशिनाथदादा कुदळीवर हात टेकून उभा राहिला. बौद्धवाड्यातला, सातवी झालेला, कमी बोलणारा माणूस. म्हणाला, "कंकनाला जातीचा दाखला कोन दावतं?" काही हसले, काही पाट्या उचलून चालायला लागले. पाण्याचे डेरे तेव्हा कामावरही दोन असत.

वाद वाढत गेला तसं काम विचित्र व्हायला लागलं. कंकणवाल्यांच्या बायका खड्डावाल्यांच्या हातून पाटी घेईनात. आणि मग तात्यांनी तो पराक्रम केला. खणलेल्या खड्ड्याच्या मध्यभागी मातीचा एक खांब तसाच उभा ठेवायचा असतो. त्याच्या उंचीवरून मूळ जमीन कुठं होती आणि आपण किती खोल खणलं हे कळतं, मोजमाप त्यावर होतं. उद्या मोजणी आणि आज दुपारी तात्या यमाकाकीला मायाधरानं काळकूट पर्वत कसा फोडला ते करून दाखवत होते. "असा हात हानला!" म्हणत त्यांनी जी कुदळ घातली, ती त्या खांबावर. खांब आडवा. टोळीची सगळी मेहनत मोजायची साक्ष मातीत मिळाली.

"घ्या," यमाकाकी म्हणाली. "दावली शक्ती."

तात्यांनी मग काय करावं? स्वतःच्या वाटणीचं पिण्याचं पाणी ओतून चिखल केला आणि संध्याकाळपर्यंत खांब पुन्हा रचला. मिशीला चिखल लागेपर्यंत रचला. मोजणीत कमी पडू नये या काळजीत त्यांचा हात जरा सैल सुटला. सकाळी छत्री घेऊन ओव्हरसियरसाहेब आले, खड्ड्याकडं बघत उभे राहिले. खांब आजूबाजूच्या जमिनीच्या वर डोकं काढून बघत होता.

"तात्या," साहेब म्हणाले, "हा उगवलाय का?"

भाऊंसकट सगळी टोळी पायाच्या अंगठ्यांकडं बघू लागली. साहेब माणूस बरा. त्यांनी शेजारच्या खड्ड्यातल्या खांबावरून आमची खोली धरली, म्हणाले, "जादू करायची ती पुस्तकात करा." मग छत्री उघडी ठेवूनच बांधावर बसले आणि मला हळूच विचारलं, "काळकूट फोडल्यावर पुढं काय झालं?" ते आठवडाभर जवळच्या बाभळीखाली उगाच कागद चाळत थांबत होते, ते कशासाठी हे तेव्हा कळलं.

असं करत आम्ही शेवटच्या पानाला आलो, म्हणजे माझ्याकडच्या शेवटच्या. रणकेसरीची तलवार कंकणावर पडते, कंकणाचे दोन तुकडे होतात. तात्यांचा चेहरा उतरला. पण मायाधर गडगडाट करून हसतो आणि म्हणतो, "मूर्खा! माझी शक्ती कंकणात नव्हतीच कधी. ती तर..."

पान संपलं. पुढची भेळ.

ते ऐकून टोळीनं जो आवाज काढला, तसा आवाज मी पुन्हा फक्त वीज गेल्यावर ऐकला आहे. यमाकाकी म्हणाली, "बगा, कंकनात न्हवती. मी म्हनलंच हुतं." तात्या म्हणाले, "त्यो खोटं बोलतोय. जादूगार कवा खरं बोलतो का? कंकनातच हुती. न्हाईतर ही मिशी उतरवीन!" हे शब्द लिंबाखाली सगळ्यांदेखत गेले. परत घेता येईनात.

मी म्हटलं, कॉलेजच्या लायब्ररीत ह्या पुस्तकाची अख्खी प्रत मी फडताळात बघितली आहे. एका दमात सगळे ओरडले, "मग आन की!" आणता येत नव्हतं. चालू वर्षात कॉलेजात नाव घातलेल्यांनाच पुस्तक मिळे. मी नाव घालणार नव्हते, माझं लग्न होतं. हे मी अगदी सरळ सांगितलं, त्यात डाव नव्हता. पण सांगताना मी ते शेवटचं पान पुन्हा पुन्हा सरळ करत होते आणि ते यमाकाकीनं बघितलं.

त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर तात्या आणि यमाकाकी एकत्र आले. ते दोघं एका मताचे होऊन कुठं गेल्याचं गावात कुणी पाहिलं नव्हतं. भाऊ खाट टाकत होते.

"पोरीला कालेजात धाड," तात्या म्हणाले.

"आन् लगीन?"

"थांबंल. न्हाई थांबलं तर दुसरं यील."

"तात्या, इहिरीला पानी असलेलं घर हाय. एका पुस्तकापायी मोडू?"

"पुस्तकापायी न्हाई," तात्या म्हणाले, "मिशीपायी."

यमाकाकी म्हणाली, "आन् पाट्यांपायी. दोन म्हैने आमी हिच्या पाट्या टाकल्या. ते कशाला? शेवट न्हाई कळला तर आमचं फुकाट गेलं की वो."

भाऊ बराच वेळ खाटेची दोरी ओढत राहिले. ते कामावर कधी वादात पडले नव्हते. मान खाली घालून खणत असायचे. मला वाटे, त्यांना ऐकूही येत नसावं. मग ते म्हणाले, "तुमी दोगंबी चुकताय."

तात्यांनी डोळे बारीक केले.

"त्येची जादू कवा चालली ते मी ध्यानात ठिवलंय," भाऊ म्हणाले. "डोंगर हलिवला तवा सैन्य बगत हुतं. म्हाल बांधला तवा तारामंजिरी बगत हुती. आन् गुहेत एकलाच अडकला हुता, तवा कंकन हातात हुतं, मंतर तोंडात हुता, तरी दगूड तसूभर हलला न्हाई. पुस्तकात हाय तसं. बगनारं कुनी असंल तरच त्येची शक्ती चालती." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "जा. जून लागला की जा. शेवट काय लिवलाय ते मलाबी बगायचंय."

मी आत जाऊन चुलीपुढं बसले आणि रडले. आईनं विचारलं तर धुराचं नाव सांगितलं, आणि चूल पेटलेली नव्हती.

विहीरवाल्यांनी दुसरी मुलगी पाहिली. त्याच वर्षी पाऊस असा झाला की सगळ्यांच्याच विहिरी भरल्या आणि त्या स्थळाची शान वाहून गेली. मी संगमनेरला गेले, नाव घातलं आणि पहिल्याच दिवशी ते पुस्तक मागितलं. ग्रंथपालांनी चष्म्यावरून बघितलं. दुसऱ्या वर्षाची मुलगी जादूगारांची पुस्तकं कशाला वाचते, असं त्यांना वाटलं असणार. उभ्या उभ्या मी ते पान काढलं. "ती तर..." आणि पुढच्या पानावर छापलं होतं, "एवढे बोलून मायाधर गुप्त झाला." नंतर लग्न, हत्तीवरून साखर, समाप्त.

दिवाळीला गावी गेले तेव्हा सगळी टोळी बांधावर जमली. तलावात पाणी होतं. आमचा तो खड्डा, तात्यांचा तो खांब, सगळं पाण्याखाली होतं आणि कडेला बगळे उभे होते. मी शेवट सांगितला. कुणाचाच विश्वास बसेना. यमाकाकीनं मला दोनदा सांगायला लावला.

"लिवनाऱ्यालाच ठाव न्हाई!" ती म्हणाली. तात्यांनी मिशीवर हात फिरवला. जीव भांड्यात पडलेला दिसत होता.

भाऊंनी विचारलं, "लिवनारा कुठवर शिकलेला हाय?"

"नावापुढं बी.ए. लिहिलंय."

भाऊंनी पाण्याकडं बघत थोडा हिशोब केला. "मंग तू यम्मे हो," ते म्हणाले. "त्येच्या म्होरलं तुला कळंल."

असं माझं शिक्षण झालं. पुढं दरवर्षी स्थळं आली, आणि दरवर्षी "तिला शेवट काडायचाय अजून" असं सांगून भाऊंनी ती परतवली. पाहुण्यांना हे कारण कसं वाटलं असेल कोण जाणे.

एम.ए.चा निकाल लागला त्या वर्षी मी गावी पोचले, तर पारावर तात्या, यमाकाकी आणि भाऊ. यमाकाकी थकली होती. डोक्यावर चुंबळीच्या जागी केस विरळ झाले होते. पाणी द्यायच्याही आधी तिनं विचारलं, "कळलं का गं?"

मी म्हटलं, "कळलं, काकी. तुझं बरोबर होतं. इथं ढीग झाला, कारण तिथं खड्डा होता. माझ्या पाट्या तू टाकल्यास."

यमाकाकीनं पदर डोळ्यांना लावला आणि मग, सवय ती सवय, तात्यांकडं वळून म्हणाली, "ऐकलं का, भावजी? यम्मे सांगतीया."

तात्या उठले. काठी टेकत न्हाव्याच्या घराकडं गेले. परत आले तेव्हा वरचा ओठ उघडा, पांढराफटक, नवख्या माणसाचा. ते येऊन पूर्वीच्याच जागी बसले, पण ओळखीचे वाटेनात. भाऊ त्यांच्याकडं बघत राहिले, मग माझ्याकडं वळले.

"माजंबी बरुबर हुतं ना, बगनारं कुनी लागतं त्ये?" त्यांनी विचारलं. "दोन म्हैने मी ऐकतच हुतो की."